एक सेकंद म्हणजे एक हात

आमच्याकडे लग्नाचा व्हिडिओ कापून-जोडून देणाऱ्याला कोणी एडिटर म्हणत नाही. तो मिक्सिंगवाला. फलटणला माझ्या आतेभावाचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या पाटीवर अजूनही ‘पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाचे शूटिंग व मिक्सिंग’ असंच रंगवलेलं आहे. नवरी मंडपात येते, मागे सनई वाजते, मग गुलाबाच्या पाकळ्या उडतात आणि त्यांच्यातून नवरदेव घोड्यावरून बाहेर पडतो. हे सगळं दादा आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून करतो, एवढंच मला माहीत होतं. म्हणून बीएच्या दुसऱ्या वर्षाला पाच मिनिटांचा माहितीपट करून आणा असं सांगण्यात आलं, तेव्हा मला धास्ती वाटली ती शूटिंगची. एडिटिंगची मुळीच नाही. एडिटिंग काय, दोन रात्री बसलं की झालं.

अकरा आठवडे लागले.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पुण्यात मी कॉट बेसिसवर राहते, तिथून कसबा पेठेतली तांबट आळी चालत दहा मिनिटांवर आहे, आणि ती आधी ऐकू येते, मग दिसते. वळणावर पोचायच्या आधीच ठक-ठक-ठक कानावर येतं. तिथल्या एका काकांकडे मी दोन-तीनदा नुसतीच जाऊन बसले होते. ते मठारकाम करतात. भांड्याचा आकार झाला की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं त्याच्यावर ओळीनं ठोके देत जायचं. प्रत्येक ठोक्याला एक छोटा, चकचकीत खळगा. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण खरं काम भांडं कडक करण्याचं असतं. तांबं तापवलं की मऊ पडतं आणि ठोकलं की ताठ होतं.

काकांनी शूटिंगला होकार दिला, एका अटीवर. “काम थांबणार नाही. तुला काय विचारायचं ते ठोक्यांच्या मधेमधे विचार.”

ही अट ऐकताना मला काहीच वाटलं नाही. पुढचे अकरा आठवडे मी तिचीच फळं खात होते.

दोन दिवसांत माझ्या आणि खोलीतल्या मैत्रिणीच्या फोनवर मिळून तीन तास चाळीस मिनिटांचं चित्रण झालं. २८ जीबी. पाच मिनिटांसाठी दोनशे वीस मिनिटं! मैत्रिणीनं तिच्या क्लिपा मेसेजमधून पाठवल्या, त्या आक्रसून धुरकट होऊन पोचल्या. पुन्हा केबल लावून घ्याव्या लागल्या. मग मोठे लोक वापरतात तसलं एक भारी सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. माझा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नावाला नाही. पंखा असा काही सुटला की मैत्रीण म्हणाली, आता हा उडणार. शेवटी केडेनलाइव्हवर आले. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि गरीब लॅपटॉपवर चालतं.

चालतं म्हणजे, प्रॉक्सी केल्यावर चालतं. हे प्रकरण मला कळायला आठवडा गेला. फोनवर जी क्लिप लोण्यासारखी पळते ती टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीनं मांडून कापायच्या सॉफ्टवेअरमधल्या पट्टीवर, टाकल्यावर का अडखळते? तर फोन जागा वाचवायला प्रत्येक चित्र अख्खं साठवतच नाही. एक चित्र पूर्ण, आणि त्याच्या पुढच्या बऱ्याच चित्रांत नुसतं काय बदललं तेवढं. सलग बघताना हे सोयीचं पडतं. कापायला बसलं की आपण मधल्याच कुठल्या तरी चित्रावर जाऊन उभे राहतो, आणि बिचाऱ्या लॅपटॉपला मागच्या अख्ख्या चित्रापासून हिशेब करत तिथवर यावं लागतं. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपांच्या छोट्या, हलक्या नकला. कापाकापी नकलांवर करायची. शेवटी पिक्चर बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपण होऊन मूळ क्लिपा घेतं. घेतं म्हणजे, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर घेतं. त्यावर पुढे येतेच.

पहिला खरा हादरा पेनड्राइव्हचा. क्लिपा पेनड्राइव्हवर होत्या, मी तिथूनच थेट टाइमलाइनवर ओढल्या. चार दिवस काम केलं, दर दहा मिनिटांनी सेव्ह. पाचव्या दिवशी पेनड्राइव्ह मैत्रिणीच्या बॅगेत गेला, तिच्याबरोबर तिच्या मामाकडे नाशिकला गेला, आणि मी लॅपटॉप उघडला तर सगळ्या क्लिपा गायब. एकूण एक. मी प्रोजेक्टची फाईल शोधून काढली, ती होती जागेवर, पण तिचा आकार बघून पोटात गोळा आला. काही शे केबी. २८ जीबीचं चित्रण यात बसणार कसं?

बसत नाहीच. त्या फाईलमध्ये व्हिडिओ नसतो, वाण्याच्या वहीसारखा नुसता हिशेब असतो. अमुक फोल्डरमधली तमुक क्लिप, इथपासून इथपर्यंत, या जागी. माल गोदामात. गोदाम नाशिकला गेलं की वही हातात असून उपयोग नाही. रविवारी रात्री मैत्रीण परत आली, पेनड्राइव्ह लावला, सगळं जसंच्या तसं दिसलं. त्या रात्री मी एक फोल्डर केलं, त्यात ‘चित्र’, ‘आवाज’, ‘अक्षरं’ असे तीन कप्पे, आणि सगळ्याची एक नक्कल खोलीबाहेर, शेजारच्या खोलीतल्या ताईच्या हार्डडिस्कवर.

आता काकांच्या अटीकडे येते.

फोनचा माईक शहाणा असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप कान आखडता घेतो, आणि पुन्हा मोकळे करायला त्याला क्षणभर लागतो. काका ठोका देत आणि लगेच बोलत. त्यामुळे ठोका जोरात आणि पुढचा शब्द पाण्यात बुडाल्यासारखा. “आमचे [ठक्] …जोबा बंब करायचे.” हे पहिल्या दिवशी घरी येऊन ऐकल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी मी चारशे रुपयांचा कॉलर माईक आणून काकांच्या शर्टाला लावला आणि आवाज वेगळा, तिसऱ्या एका जुन्या फोनवर घेतला. स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका. शब्द अगदी स्वच्छ होते.

वेगळा आवाज चित्राला जुळवायचं काम केडेनलाइव्ह स्वतःच करून देतं. दोन्हीकडचे आवाज ताडून बघतं आणि क्लिप सरकवतं. बावीस मिनिटांची मुलाखत. सुरुवातीला हातोडी आणि ठक् एकदम. पाचव्या मिनिटालाही ठीक. पंधराव्या मिनिटाला काहीतरी खुपायला लागलं, आणि विसाव्या मिनिटाला हातोडी अजून हवेत असताना ठक् होऊन गेलेलं. साधी गप्पांची मुलाखत असती तर ओठ आणि शब्दांतला फरक मला कदाचित उशिरा कळला असता. पण हातोडी खोटं बोलू देत नाही. शेवटी शेवटी अर्ध्या सेकंदाचा फरक पडलेला.

मी माईकला शिव्या दिल्या. दोष माईकचा नव्हता. फोनवर आपण ‘सेकंदाला ३०’ असं निवडतो, पण उजेड कमी झाला की फोन हळूच कमी चित्रं काढतो, म्हणजे प्रत्येक चित्राला प्रकाश प्यायला जास्त वेळ मिळतो. काकांचं दुकान अंधारं. भट्टी पेटली की उजेड, विझली की काळोख. त्यामुळे सेकंदाला कधी ३०, कधी २४, कधी मधलंच काही. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र एक ठरलेला वेग धरून चालतं. उपाय निघाला हँडब्रेक नावाच्या आणखी एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये: प्रत्येक क्लिप आधी त्यातून काढायची आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिचकी मारायची. सगळ्या क्लिपा काढायला लॅपटॉप दोन रात्री चालू ठेवला. झोपेत पंख्याचा आवाज. आणि मग आधी केलेल्या प्रॉक्सी फेकून पुन्हा सगळ्या नव्यानं.

तेवढ्यात दुकानातल्या ट्यूबलाइटचा प्रताप दिसला: काही शॉटमध्ये भिंतीवरून काळसर पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. फोनचा शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवला असता तर पट्टे आलेच नसते. आता त्यांचं काहीच करता येत नव्हतं. ते शॉट टाकून दिले. एडिटिंगमध्ये सगळं दुरुस्त होतं हा माझा समज या टप्प्यावर संपला.

आमच्या सरांनी उमेदीच्या वर्षांत फिल्मवर काम केलेलं आहे. ‘काम कुठवर आलं’ विचारायला त्यांनी मला बोलावलं आणि माझं रडगाणं ऐकून कपाटातून ३५ मिलिमीटर फिल्मचा एक तुकडा काढला. “सेकंदाला चोवीस चित्रं. फुटाला सोळा. म्हणजे सेकंद किती?” मी बोटं मोजत होते. सरांनी तुकडा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धरला. “दीड फूट. एक सेकंद म्हणजे एक हात. आम्ही सेकंद असा मोजायचो.”

मला हे इतकं आवडलं की घरी जाऊन आजीला फोन केला. आजीची नऊवारी अठरा हातांची; म्हणजे नऊवारीभर फिल्म अठरा सेकंदांत संपली. माझा पाच मिनिटांचा माहितीपट तीनशे हात. आजी म्हणाली, “एवढं कापड शिवायचंय होय? मग सावकाश शीव.”

सरांच्या वेळी कट म्हणजे खरोखरच कापणं होतं. स्प्लायसरवर फिल्म बसवायची, पातं दाबायचं, टेपनं जोडायचं. चुकलं की टेप सोडवा, पुन्हा जोडा. म्हणून पातं दाबण्याआधी माणूस विचार करायचा. माझ्याकडे कंट्रोल-झेड, दोन बटणं दाबली की केलेलं रद्द. त्या आठवड्यात एकाच जागी मी किमान चाळीस कट करून बघितले असतील, आणि शेवटचा पहिल्याहून बरा होता असं छातीठोक सांगता येणार नाही.

दिवाळीला फलटणला गेले ती लॅपटॉप घेऊनच. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, त्याआधी दादाला मागची कामं संपवायची होती. काळ्या खोलीत शेजारी शेजारी बसून काम सुरू झालं. त्याचे हात बघण्यासारखे आहेत. जे, के, एल या तीन बटणांवर तीन बोटं: एल पुढे, जे मागे, के थांब, दोनदा एल दाबलं की दुप्पट वेग. आय दाबलं की इथून, ओ दाबलं की इथपर्यंत. माऊसला हात नाही. तीन तासांचा हळदीचा कार्यक्रम तो चाळीस मिनिटांत नजरेखालून काढतो आणि तोंडानं क्रिकेटच्या गप्पा चालू.

त्याचं गणित मात्र माझ्या उलट. माहितीपटात जे नको ते काढायचं. लग्नात काही काढायचंच नाही. “आहेर दिलेला प्रत्येक चेहरा दिसला पाहिजे. एक मावशी राहिली तर बिल अडकतं. आणि मंगलाष्टकांना कात्री लावायची नाही, कोणीही कितीही बेसूर म्हणू दे.” नवऱ्यामुलीचं नाव टाकायला गेला तर त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी धड उमटत नव्हतं, ‘चि.’ची वेलांटी च सोडून पुढे जाऊन एकटीच उभी. त्यासाठी तो अजून जुना, युनिकोड नसलेला फाँट वापरतो, ज्यात कुठल्या बटणाला कुठलं अक्षर हे त्याच्या बोटांनाच माहीत. केडेनलाइव्हमध्ये मी मुक्ता फाँट घेऊन ‘ठिणग्या’ लिहिलं, अचूक उमटलं. त्यानं ते दोनदा लिहून बघितलं आणि काही बोलला नाही.

माझी मुलाखत मी त्याला मोठ्या अभिमानानं दाखवली. काकांची बोलण्याची ढब म्हणजे दर वाक्याला “काय असतं ना”, “म्हणजे बघ”, मधे खाकरणं, मधे भांडं फिरवून बघणं. ते सगळं मी वेचून काढलं होतं. एका मिनिटात साठ-सत्तर कट. गाळून घेतलेल्या चहासारखं स्वच्छ.

दादानं खुंटीवरचा पंचा काढला आणि मॉनिटरवर टाकला. “आता ऐक.”

चित्र झाकल्यावर जे ऐकू आलं ते भयंकर होतं. काका नव्हतेच ते. एका दमात, कुठेही श्वास न घेता, बातम्या दिल्यासारखा एक माणूस बोलत होता. आणि प्रत्येक कटला मागचा दुकानाचा बारीक घुमारा तुटत होता. ट्यूबची गुणगुण, लांबची रिक्षा, सगळं फट्फट् बंद-चालू. चित्र दिसत असताना मला यातलं काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

“श्वास काढलास त्याचा,” दादा म्हणाला. “मिक्सिंग म्हणतात ते उगीच नाही. पोरं पाकळ्या उडवायला शिकतात आणि म्हणतात मला येतं. मिक्सिंग कानात असतं.”

पुढचे तीन दिवस पंचा मॉनिटरवरच होता. मी श्वास परत घातले. सगळे नाहीत, पण वाक्याच्या शेवटचे घातले. “काय असतं ना” चार ठिकाणी ठेवलं. कट लपवायला चेहऱ्याऐवजी हात, हातोडी, भट्टी असले शॉट हवे होते. ते माझ्याकडे मोजून अकरा निघाले. तीन तास चाळीस मिनिटांत अकरा! बाकी सगळा वेळ मी काकांच्या तोंडासमोर फोन धरून उभी. शिवाय दुकान गप्प असतानाचा, कोणी बोलत नाही आणि ठोकत नाही असा आवाज पाहिजे होता, श्वासांच्या मधे खाली अंथरायला. तो एक सेकंदही नव्हता. पुण्याला परत गेल्यावर काकांना म्हटलं, “काका, तीस सेकंद काहीच करू नका.” त्यांनी घड्याळाकडे बघत हातोडी मांडीवर ठेवली. त्यांच्या तोंडावर काय भाव होता! ते तीस सेकंद माझ्या पिक्चरमध्ये जवळजवळ सगळीकडे आहेत आणि कुणाला ऐकू येत नाहीत.

मग एक कट जमला. एवढ्या काळात मला ज्याचा मनापासून आनंद झाला असा हा एक. लांबच्या शॉटमध्ये काका हंड्यावर हातोडी उचलतात, जवळच्या शॉटमध्ये ती आदळते. मी आधी आदळण्याच्या चित्रावर कापत होते. दणकाही तिथेच, बदलही तिथेच. डोळ्यांना ठेच लागायची. दोन चित्रं आधी नेला कट, ठेच कमी. मग आणखी मागे: हात वरून निघाला, दोन-तीन चित्रं खाली आला आणि तिथे कापलं, जवळच्या शॉटमध्ये हातोडी तिथून पुढे अर्ध्या वाटेवर. कट नाहीसा झाला. सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागातला. डोळा हातोडीच्या मागे धावत असतो, त्याला शॉट बदलल्याचं भान राहत नाही. मैत्रिणीला दाखवलं, “बघ, कट कुठे आहे सांग.” ती म्हणाली, “कुठला कट?” त्या रात्री मी मिसळ खाऊ घातली तिला.

या हातोडीच्या शॉटखाली आवाज मात्र मी एकच सलग अंथरला. दुसऱ्या दिवशी काका एका छोट्या तांब्यावर ठोकत होते, तेव्हाचा एक मिनिट दहा सेकंदांचा तुकडा सगळ्यात स्वच्छ होता. आवाजाच्या आलेखात ठोका म्हणजे काट्यासारखा उभा सुळका; प्रत्येक शॉट सरकवून सरकवून हातोडी सुळक्यावर बसवली. हंडा असो की घागर, खाली तोच आवाज. सुरुवातीलाही तोच: पडदा काळा, दोन ठोके, आणि मग काकांचा हात. आळी जशी आधी ऐकू येते आणि मग दिसते, तसं. या कल्पनेवर मी फार खूश होते.

आता चहाबद्दल सांगायला हवं. पहिल्या दिवशीच्या चित्रणात एक सुंदर शॉट सापडला होता. काका हातातलं काम सोडून दाराकडे बघतात, सावकाश, चारेक सेकंद, डोळ्यांत पाणी आल्यासारखी चकाकी. मी तो ‘स्टीलची भांडी आल्यावर काय झालं?’ या माझ्या प्रश्नापुढे ठेवला. वर्गात कच्चा व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या शॉटला अख्खा वर्ग गप्प झाला. एकीनं डोळे पुसले. सरांनी नंतर एकटीला गाठून विचारलं, “त्या प्रश्नाला ते खरंच असे गप्प झाले?” मी खरं सांगितलं: तो शॉट वेगळ्याच वेळचा, चहावाला पोऱ्या दारात आलेला. सर हसले आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या रशियातल्या कुलेशोवची गोष्ट सांगितली: नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या ताटलीपुढे, एकदा शवपेटीपुढे जोडला आणि लोकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा शोक. “तुझं बरोबर की चूक ते मी सांगणार नाही. तो माणूस दहा मिनिटांवर राहतो, त्याला दाखव.”

दाखवायच्या आधी व्हिडिओ बाहेर काढला. एमपीफोर, एच-२६४, आठ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक एमबी. हिशेबानं पाच मिनिटांचे ३०० एमबी. उघडून बघते तर सगळं धुक्यात. बाहेर काढताना ‘प्रॉक्सी वापरा’ या चौकटीत मीच कधीतरी टिचकी मारून ठेवलेली. टिचकी काढली, पुन्हा अडीच तास. फाईलचं नाव ‘फायनल’, मग ‘फायनल खरी’, मग ‘फायनल खरी २’.

काकांनी दुकानातच बघितलं, लॅपटॉप ऐरणीशेजारी पाटावर ठेवून. शेजारचे दोघं येऊन उभे राहिले. पहिल्यांदा बघताना काका काही बोलले नाहीत. “पुन्हा लाव.”

दुसऱ्यांदा पहिल्याच मिनिटाला हात वर केला. “थांबव. हे भांडं भट्टीतून निघालंय, काळं पडलंय. मग एकदम धुतलेलं, गुलाबी. आणि मग परत काळं? उलटं कसं गेलं?” मी ते तीन शॉट ठोक्यांच्या लयीसाठी एकापुढे एक लावले होते. तांब्याच्या रंगाकडे माझं लक्षच नव्हतं. अख्ख्या वर्गाचं नव्हतं. चहाच्या शॉटला ते मोठ्यानं हसले. “अगं, हा मी चहाची वाट बघतोय!” शेजारचे म्हणाले, “पण दिसतोस चांगला, राहू दे.” काका हसायचे थांबले आणि म्हणाले, “स्टील आलं तेव्हा मी रडलो नव्हतो बाळा. मी बंब सोडून पाण्याचे जग करायला लागलो. ते सांगितलंय ना मी तुला?” सांगितलं होतं. बावीस मिनिटांतल्या अठराव्या मिनिटाला. मी ते कापलं होतं, कारण तिथे पार्श्वभूमीला रिक्षाचा हॉर्न होता.

तिसऱ्यांदा त्यांनी बघितलंच नाही. हंडा मांडीत घेऊन काम सुरू केलं आणि लॅपटॉपकडे पाठ. हातोडीचे शॉट आले तसा त्यांचा हात थांबला.

“हा माझा हंडा नाही.”

“तुमचाच आहे काका. बघा तरी.”

“दिसतोय माझा. वाजतोय तांब्या.” त्यांनी मांडीतल्या हंड्याच्या पोटावर एक ठोका दिला, मग काठाजवळ एक, मग तळाला एक. तीन वेगळे आवाज. मग शेजारचं, नुकतंच भट्टीतून निघालेलं भांडं ओढून त्याच्यावर एक: बद्द, जवळजवळ लाकडासारखा. “मऊ आहे अजून. याला ठोकत गेलं की आवाज चढत जातो. आवाज चढला की कळतं, झालं आता. बघून नाही कळत.”

म्हणजे मी पाच मिनिटं ज्या कामावर पिक्चर केलं, ते काम हा माणूस कानानं करत होता, आणि मी त्याच्या कानाखाली दुसऱ्याच भांड्याचा आवाज घातला होता.

द्यायची तारीख चार दिवसांवर होती. कॉलर माईक या वेळी काकांच्या शर्टाला न लावता ऐरणीपासून हातभर दूर, एका पाटाला चिकटपट्टीनं बांधला. हातभर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, मोजून. हंडा वेगळा, घागर वेगळी, तापवलेलं वेगळं, ठोकून झालेलं वेगळं. काकांनी न सांगता प्रत्येक भांड्यावर मिनिटभर ठोकलं आणि मिनिटभर गप्प बसले. खोलीवर येऊन तो एक मिनिट दहा सेकंदांचा तुकडा उचलून टाकला आणि प्रत्येक शॉटखाली त्याच्या त्याच्या भांड्याचा आवाज बसवला. पुन्हा सुळके, पुन्हा सरकवणं. काळं-गुलाबी-काळंचा क्रम लावला. चहाचा शॉट काढला आणि तिथे हॉर्नसकट अठरावं मिनिट ठेवलं. वर्गात दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा हॉर्नला दोघंजण हसले, डोळे कुणी पुसले नाहीत. आवाज बदललाय हे कुणालाच कळलं नाही, सर सोडून. तेही म्हणाले, “काहीतरी बरं झालंय, काय ते सांगता येत नाही.”

पेनड्राइव्ह जमा करून मी तांबट आळीत गेले. काकांचे हात कामात होते, म्हणून फोनवर व्हिडिओ लावून फोन त्यांच्या कानाजवळ धरला. पाचही मिनिटं ते ठोकायचे थांबले. संपल्यावर मान हलवली.

“आता माझं आहे.” हातोडी उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. “पण ते पहिले दोन ठोके? अंधारातले?”

ते मी बदलायला विसरले होते.